सीएनजी डिस्पेन्सरचा ब्रेकअवे पुन्हा पुन्हा सुटतोय? कडक करण्याआधी हे तपासा

तक्रार बहुधा याच शब्दांत येते. "साहेब, तीन नंबरचा ब्रेकअवे परत सुटला. या वेळी जरा कडक करून द्या." यातलं दुसरं वाक्य ऐकलं की मी हातातलं काम बाजूला ठेवून त्या स्टेशनकडे निघतो. मी पोहोचायच्या आत कुणीतरी तो खरोखरच कडक करून ठेवेल, ही धास्ती असते.

पुणे-नाशिक पट्ट्यातल्या सीएनजी स्टेशनांवर डिस्पेन्सरच्या, म्हणजे गाडीत वायू भरणाऱ्या यंत्रांच्या, देखभालीचं काम मी बरीच वर्षं करतोय. गळती, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी झडप), मीटर, पडदा यांच्या तक्रारी येतात आणि सुटतात. ब्रेकअवेची तक्रार मात्र त्याच स्टेशनवर, त्याच डिस्पेन्सरवर फिरून फिरून येते. सुटलेले दोन तुकडे पुन्हा एकत्र बसवले की काम झालं असं सगळे धरून चालतात, आणि तो सुटला का, याचा शोध कुणी घेत नाही.

नव्याने या कामात आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. डिस्पेन्सरमधून बाहेर येणारा पाइप आणि फिलरच्या, म्हणजे वायू भरणाऱ्या कामगाराच्या, हातातली नळी यांच्यामध्ये वीतभर लांबीचा एक जोड असतो, तो ब्रेकअवे. नळीच्या टोकाचं नोझल गाडीला लागलेलं असताना गाडी पुढे गेली तर हा जोड मधून सुटतो. सुटताना दोन्ही तुकड्यांतल्या झडपा आपोआप बंद होतात. डिस्पेन्सरकडचा वायू डिस्पेन्सरकडे आणि नळीतला नळीत कोंडला जातो, बाहेर पडतो तो फुसकन एक झोत. अमेरिकेच्या एनएफपीए ५२ या सुरक्षा संहितेत अशी स्पष्ट अट आहे की जमिनीला समांतर दिशेने जास्तीत जास्त १५० पौंड, म्हणजे ६८ किलो ओढ बसली की तो सुटलाच पाहिजे. अडुसष्ट किलो म्हणजे एक धडधाकट माणूस लोंबकळला तर बसेल एवढी ओढ. इतक्या कमी ओढीला सुटणं हेच त्याचं काम आहे. डिस्पेन्सरपासून गाडीपर्यंतच्या साखळीत सगळ्यात कमजोर कडी मुद्दाम तिथे ठेवलेली असते.

गाडी हलली होती का?

हा पहिला प्रश्न. याचं सरळ उत्तर मिळवणं वाटतं तितकं सोपं नाही. बऱ्याच डिस्पेन्सरवर ही घटना नोंदलीच जात नाही. ब्रेकअवे सुटतो, झडप बंद होते, मीटरमधून वाहणारा वायू शून्यावर येतो, आणि डिस्पेन्सरला वाटतं की गाडी भरली. तो इतर गाड्यांसारखाच हाही व्यवहार शांतपणे बंद करतो. महिन्याच्या अहवालात काहीच दिसत नाही. म्हणजे मदार राहिली फिलरच्या सांगण्यावर, आणि गाडी त्याच्या हातून निघून गेली असेल तर पगार कापला जाईल या भीतीने तो "आपोआप सुटला" असं सांगतो.

म्हणून मी स्टेशनच्या मॅनेजरला आधी बाजूला घेऊन एवढंच सांगतो, की या एका गोष्टीसाठी कुणाचाही पगार कापू नका. पगार कापला की खरी माहिती येणं बंद होतं आणि पुढचा प्रत्येक अंदाज चुकतो. मग सीसीटीव्ही बघायचा. नुसता सुटण्याचा क्षण बघून भागत नाही, त्याच्या आधीची दोन मिनिटं बघायची.

गाडी निघून गेली असेल तर

गेल्या वर्षी एका स्टेशनवर असं चित्रण ओळीने बघत बसलो होतो. तिथे गाडी ओढून नेण्याचे प्रकार काही महिन्यांत अचानक वाढले होते. फिलर तेच, डिस्पेन्सर तेच. तीन घटना बघून झाल्यावर लक्षात आलं की प्रत्येक वेळी गाडी सुरू होण्याच्या अगदी आधी एकच गोष्ट घडते. रिक्षावाले काका डिस्पेन्सरशेजारी लावलेला क्यूआर कोड स्कॅन करतात, "अमुक रुपये प्राप्त झाले" असं यंत्र मोठ्याने बोलतं, आणि काका सीटवर बसून किक मारतात. पूर्वी सुटे पैसे हातात पडायचे ते फिलरकडून, आणि फिलर पैसे घ्यायचा ते नोझल काढून, खुंटीला अडकवून झाल्यावर. आता पडद्यावर रक्कम दिसते तोवरच पैसे जातात, आणि त्या यंत्राचा आवाज हाच "निघा" असा इशारा होऊन बसला होता. मागे हॉर्न वाजवणारी रांग असतेच.

यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. क्यूआरची पाटी डिस्पेन्सरपासून उचलून पुढे, गाडी बाहेर पडते त्या वाटेवर नेली. ती तिथेच हवी होती. डिस्पेन्सरच्या भोवतीचा भाग धोक्याचा म्हणून आखलेला असतो, तिथे मोबाइल वापरू नका अशी पाटी लावायची आणि तिच्याच खाली स्कॅन करायला सांगायचं, हे मुळातच चुकीचं होतं. दुसरी गोष्ट चावीची. नोझल लावण्याआधी फिलर गाडीची चावी मागून घेतो आणि नोझल ठेवायच्या खाचेवरच्या हुकाला अडकवतो. नोझल खाचेत परत ठेवल्याशिवाय चावीपर्यंत हात जात नाही. सुरुवातीला काही जण कुरकुरले, पण सीएनजी भरताना सगळ्या प्रवाशांनी गाडीतून खाली उतरायची सवय आपल्या लोकांना आधीपासून आहे, तशी हीदेखील लागली. बससाठी चावीबरोबर पुढच्या चाकाला लाकडी गुटका.

कारखान्यातूनच सीएनजी बसवून येणाऱ्या अलीकडच्या अनेक गाड्यांत भरायच्या झाकणाला छोटा स्विच असतो, झाकण उघडं असेल तर इंजिन सुरू होत नाही. ही सोय फार चांगली, पण तिच्यावर विसंबू नका. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या रिक्षांत आणि बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत ती नसते किंवा तार तोडून बंद केलेली असते.

डिस्पेन्सर नवा घेणार असाल तर पुरवठादाराला एक गोष्ट जरूर विचारा: नोझल खाचेत परत बसल्याशिवाय व्यवहार पूर्ण होणार नाही आणि अंतिम रक्कम पुढे जाणार नाही, अशी मांडणी यात करता येते का? खाचेत एक स्विच आणि प्रणालीत थोडा बदल, एवढंच काम. माणसाला आठवण ठेवायला लावण्यापेक्षा यंत्रालाच थांबायला लावणं केव्हाही भरवशाचं.

गाडी जागेवरच होती आणि तरी सुटला

इथे खरं निदान लागतं, आणि नेमकं इथेच लोक ब्रेकअवेला दोष देऊन तो बदलून मोकळे होतात. नवा बसवतात, पंधरा दिवसांनी नवाही सुटतो.

आधी दाबाचं गणित समजून घेऊ. ब्रेकअवेच्या आत जिथे दोन तुकडे एकमेकांत बसतात तिथे सीलचा व्यास समजा ८ मिलिमीटर आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मिलिमीटर. २०० बार दाब म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर २० न्यूटन. गुणाकार केला की १००० न्यूटन, म्हणजे जवळपास १०२ किलो. गाडी नाही, ओढ नाही, तरी नळीतला वायू एकटाच त्या दोन तुकड्यांना १०२ किलोंच्या जोराने एकमेकांपासून दूर ढकलतोय.

चांगल्या ब्रेकअवेत वायूची वाट अशी फिरवलेली असते की हा जोर दोन्ही बाजूंनी सारखा लागून एकमेकांना खोडतो. याला दाब-संतुलित रचना म्हणतात. असा ब्रेकअवे नळी रिकामी असो वा भरलेली, जवळपास तेवढ्याच ओढीला सुटतो. पण जुन्या आणि स्वस्त प्रकारांत हे संतुलन नसतं. तिथे स्प्रिंगला किंवा पिनला आधी त्या १०२ किलोंना धरून ठेवावं लागतं, मग वरची ओढ. समजा तिची पकड १४० किलोंची ठेवली. २०० बार दाब असताना १०२ किलो वायूच खातो, म्हणून बाहेरून ३८ किलोंची ओढ बसली की सुटतो. नळी रिकामी असेल तर मात्र पूर्ण १४० किलो ओढावं लागतं, म्हणजे अटीच्या दुप्पट. आणि नळीतला दाब काही कारणाने २५० बारला गेला तर वायूचा जोर होतो १२८ किलो. उरले १२. तेवढ्याला नळीला लागलेला साधा हिसका पुरतो.

आता प्रश्न असा की गाडी भरायची २०० बारपर्यंत, मग नळीत २५० येतात कुठून? ते येतात कॅस्केडमधून, म्हणजे स्टेशनवरच्या एकत्र जोडलेल्या सिलिंडरांच्या साठ्यातून. कॉम्प्रेसर कॅस्केड २५० बारपर्यंत भरतो. कॅस्केड आणि नळी यांच्यामध्ये डिस्पेन्सरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उभा असतो. त्याच्या बैठकीत, म्हणजे झडप टेकते त्या जागी, बारीक कचरा अडकला, सील झिजलं, की तो बंद असूनही थेंबाथेंबाने वायू पुढे सोडतो. आपल्या भाषेत व्हॉल्व्ह पासिंग आहे. सलग गाड्या लागत असतात तेव्हा हे कळतच नाही, कारण चोरून आलेला वायू पुढच्या गाडीत निघून जातो. रात्री दोन-तीन तास गाडी आली नाही की नळीतला दाब हळूहळू कॅस्केडच्या दाबाला जाऊन टेकतो. मग पहाटेच्या पहिल्या गाडीला फिलर नोझल उचलतो आणि त्या एवढ्याशा हिसक्याने ब्रेकअवे सुटतो.

तुमच्याकडे सुटण्याच्या वेळा पहाटेच्या किंवा दुपारच्या सामसुमीच्या असतील तर ब्रेकअवेला हात लावायच्या आधी ही चाचणी करा. एक गाडी पूर्ण भरा. नोझलवरचा व्हॉल्व्ह बंद, नोझल खाचेत. त्या नळीच्या गेजवरचा आकडा लिहून ठेवा. अर्धा तास ती नळी कुणी वापरायची नाही. अर्ध्या तासाने आकडा चढलेला दिसला तर दोष सोलेनॉइडमध्ये आहे. त्याची बैठक आणि सील बदला, आणि त्याच्या आधीचा फिल्टर उघडून बघा. तिथे कॉम्प्रेसरचं तेल आणि काळपट चिकटा सापडला तर कॉम्प्रेसरकडच्या तेल गाळणाऱ्या फिल्टरांनाही हात घालावा लागेल, नाही तर नवं सील फार टिकणार नाही.

कॅस्केडच्या लो, मीडियम, हाय या तीन बँकांपैकी (वेगवेगळ्या दाबाच्या सिलिंडरगटांपैकी) कुठला व्हॉल्व्ह पासिंग आहे हे ओळखायला एकेक बँकेचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह बंद करून हीच चाचणी पुन्हा करायची. वेळ जातो, पण उत्तर पक्कं मिळतं. माझ्या अनुभवात पहिला संशय हाय बँकेवर घ्यावा.

नळी पुरत नाही, म्हणून तिरकी ओढली जाते

आपल्याकडे गाडीगणिक भरायचं तोंड वेगळ्या ठिकाणी. रिक्षाचं पुढे सीटखाली, जुन्या किटच्या गाड्यांत बॉनेटमध्ये, नव्या गाड्यांत मागे पेट्रोलच्या झाकणाशेजारी. गाडी उलट्या बाजूला लागली की फिलर नळी छपरावरून किंवा डिकीवरून ताणून नेतो. दिवसातून कित्येकदा असा ताण बसला की ब्रेकअवेच्या आतली पकड झिजते आणि एक दिवस कमी ओढीला सुटते.

याची उलट बाजू जास्त धोक्याची. ब्रेकअवे डिस्पेन्सरच्या अंगाला ताठ, घट्ट बसवलेला असेल आणि गाडी काटकोनात निघाली, तर ओढ त्याच्या लांबीच्या दिशेने न बसता आडवी बसते. तुकडे सरळ निसटायच्या ऐवजी एकमेकांत अडकतात, आणि ज्या क्षणी सुटायला हवं त्याच क्षणी ब्रेकअवे हट्टाने धरून बसतो. म्हणून डिस्पेन्सर आणि ब्रेकअवे यांच्यामध्ये एक आखूड लवचीक नळी असावी किंवा फिरता जोड असावा, म्हणजे गाडी कुठेही निघो, ब्रेकअवे आधी ओढीच्या रेषेत वळतो आणि मग सुटतो. जमिनीवर पिवळ्या पट्ट्याने गाडी कुठे थांबवायची हे आखून दिलं तर नळीवरचा रोजचा ताणही कमी होतो. रंगाचा खर्च किरकोळ आहे, तो लगेच करून टाका.

पिनच्या जागी बोल्ट

आता त्या "कडक करा"कडे येतो.

काही ब्रेकअवेत दोन तुकडे मऊ धातूच्या शिअर पिनने धरलेले असतात. ओढ बसली की पिन कातरली जाते. प्रत्येक वेळी नवी पिन लागते, ती कंपनीकडूनच आणावी लागते, आणि ती नेमकी नको त्या वेळी संपलेली असते. एका स्टेशनवर मी गेलो तर ब्रेकअवे छान बसलेला, वर रंगसुद्धा दिलेला. "आता दोन महिने झाले, एकदाही सुटला नाही," असं मला मोठ्या समाधानाने सांगण्यात आलं. पिनच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला एम-६ चा बोल्ट होता. डोक्यावर ८.८ कोरलेलं स्पष्ट दिसत होतं.

८.८ ग्रेडचा एम-६ बोल्ट सरळ ताणात साधारण १६०० किलोंना तुटतो. कातरण्यात धरला तरी साडेनऊशे किलोंच्या आसपास जातो. जिथे ६८ किलोंना सुटायला हवं तिथे जवळपास एक टन. गाडी निघाली की आता सुटणार काय? नळीचं क्रिम्प केलेलं, म्हणजे दाबून बसवलेलं, टोक सुटेल आणि २०० बारची नळी चाबकासारखी फिरेल. किंवा गाडीचं भरायचं तोंड उखडून येईल आणि टाकीतला वायू तिथून निघेल. किंवा नळी आणि तोंड दोन्ही टिकलं तर अख्खा डिस्पेन्सर कलेल.

तिसऱ्या शक्यतेने माझी झोप उडाली होती. डिस्पेन्सरच्या खाली ट्रेंचमधून कॅस्केडच्या तीन लाइन वर येतात, २५० बारच्या. डिस्पेन्सर कलला तर त्या लाइन सोलेनॉइडच्या आधी तुटतात. म्हणजे डिस्पेन्सरमधली एकही झडप त्या वायूला अडवू शकत नाही. ३००० लिटर पाणीक्षमतेच्या भरलेल्या कॅस्केडमध्ये पाचशे किलोंहून जास्त वायू असतो. मागचा एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह (प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारी झडप) चालला, किंवा कुणी धावत जाऊन आणीबाणीचं लाल बटण दाबलं, तरच तो थांबणार. ब्रेकअवेने हे सगळं एका 'फुस्स' आवाजात संपवलं असतं.

त्या दिवशी मी तो डिस्पेन्सर तिथल्या तिथे बंद करून टॅग लावला. मॅनेजर रागावले, रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मूळ पिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, तोवर तो बंद राहिला. मला आजही त्या निर्णयाबद्दल शंका नाही. तुमच्या स्टेशनवर ब्रेकअवेला बोल्ट, बांधायची तार, पाइप क्लॅम्प, चिकटपट्टी यांपैकी काहीही लावलेलं दिसलं तर तुम्हीही हेच करा. बंद करायला कुणाची परवानगी विचारत बसू नका.

स्टेशनचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडून (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षेची केंद्रीय संस्था), गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली येतो आणि सुरक्षेची मांडणी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाच्या ओआयएसडी-१७९ या मानकाप्रमाणे करायची असते. ब्रेकअवे, नळी, नोझल मान्यता असलेलेच वापरायचे आणि त्यांचे सुटे भागही त्याच उत्पादकाचे. एका कंपनीचा अर्धा तुकडा दुसऱ्या कंपनीच्या अर्ध्यात "बसतो" म्हणून बसवू नका. तो बसेल, पण किती ओढीला सुटेल हे सांगणारा कुणी नसेल. शिअर पिन आणि ओ-रिंग (सीलच्या रबरी कड्या) यांचा संच मात्र स्टेशनवरच ठेवा, कपाटात, नाव लिहून. बोल्ट लावायची पाळी येते ती कपाट रिकामं असल्यामुळे.

सुटल्यावर परत जोडताना

इथे घाई केली तर माणूस जखमी होतो, म्हणून जरा सविस्तर.

जमिनीवर पडलेली नळी रिकामी दिसते, पण ती भरलेली असते. ८ मिलिमीटर आतला व्यास आणि ४ मीटर लांबी धरली तर आतली जागा सुमारे ०.२ लिटर. तेवढ्या जागेत २०० बारला कोंडलेला वायू बाहेर आला तर ४० लिटरहून जास्त होतो. वजनाने काहीच नाही, पण अर्धवट ढिल्या केलेल्या फिटिंगमधून तो एकदम सुटला तर तुकडा गोळीसारखा येतो. वरच्या तुकड्याच्या मागे, सोलेनॉइडपर्यंतच्या पाइपातही असाच दाब अडकलेला असतो.

म्हणून आधी आजूबाजूच्या गाड्यांची इंजिनं बंद करवून त्या ढकलून बाजूला घ्यायला लावा. डिस्पेन्सरकडे येणाऱ्या तिन्ही लाइनचे हाताचे व्हॉल्व्ह बंद, वीज बंद, कुलूप आणि टॅग. गाडीला नोझल लागलेलंच असेल तर गाडीचा स्वतःचा भरायचा व्हॉल्व्ह आधी बंद करा. नोझल मोकळं करताना चेहरा बाजूला ठेवा: दोन नळ्यांच्या प्रकारात व्हेंटची, म्हणजे उरलेला वायू बाहेर सोडायची, नळीही भरायच्या नळीबरोबर सुटलेली असते, त्यामुळे एरवी उंच व्हेंट पाइपकडे जाणारा वायू आता तिथेच तोंडाशी बाहेर पडतो. डिस्पेन्सरच्या आतला अडकलेला दाब ब्लीड व्हॉल्व्हने सोडा आणि गेज शून्यावर आल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सुटलेल्या नळीतला दाब काढायला उत्पादकाचं ब्लीडचं साधन मिळतं. ते हाताशी नसेल तर त्या नळीला पाना लावू नका. तिला सावलीत, माणसांपासून लांब, उघड्यावर ठेवून साधन येईपर्यंत थांबा.

मग दोन्ही तुकडे तपासायचे. ओरखडे, वाकलेली कडा, तेलाचा चिकटा. ओ-रिंग जुन्या कधीही परत घालू नका. २०० बारला वायू रबराच्या आत शिरतो, आणि दाब एकदम उतरला की तो आतल्या आत फुगतो. रिंगवर बारीक फोड किंवा चिरा दिसतात. डोळ्यांना न दिसणारे फोडही गळतात. अशा अचानक दाब-उताराला टिकणाऱ्या, कडक रबराच्या ओ-रिंग मिळतात, त्याच घ्या. ब्रेकअवे जोडून झाल्यावर दर काही दिवसांनी साबणाच्या पाण्यात बुडबुडे येतात अशी तक्रार असेल, तर दहापैकी आठ वेळा कारण एवढंच असतं.

नळीचं क्रिम्प सरकलंय का बघा. जोराची ओढ बसलेली नळी बाहेरून ठीक दिसली तरी मी ती बदलतो. नोझलपासून डिस्पेन्सरच्या धातूपर्यंत विजेचं सातत्य मोजा. नळी मुद्दाम वीजवाहक केलेली असते, म्हणजे वायूच्या घर्षणाने साठणारी स्थिर वीज अर्थिंगमधून निघून जावी. मिथेन आणि हवा यांचं मिश्रण पेटायला अगदी बारीक ठिणगीही पुरते. हे मोजायचा मीटर अशा धोक्याच्या जागेत वापरायला चालणारा असावा.

तुकडे सरळ रेषेत दाबून बसवायचे, खटका लागेपर्यंत. हातोडी आणि पाइप पाना यांचं इथे काम नाही. सरळ बसत नसेल तर आत दाब राहिलाय किंवा काहीतरी वाकलंय. बसल्यावर एक बँक हळूच उघडून आधी थोडा दाब द्या, साबणाचं पाणी लावा, मग टप्प्याटप्प्याने पूर्ण दाब आणि प्रत्येक टप्प्याला पुन्हा पाणी.

एक गोष्ट पावसाळ्यापुरती, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पडद्यात पाणी जातं म्हणून डिस्पेन्सरला वरून खाली प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला मी अनेक ठिकाणी पाहतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, वर जातो, म्हणूनच डिस्पेन्सरच्या वरच्या भागात झरोके ठेवलेले असतात. ते झाकले की आतल्या फिटिंगची बारीक गळतीसुद्धा पेटीत साठत जाते, आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की ते मिश्रण पेटू शकतं. पाणी जातंय तर दरवाजाची रबरी पट्टी बदला. कागद काढून टाका.

सुटत नाही, हीही तक्रार समजा

वर्षानुवर्षं एकदाही न सुटलेला ब्रेकअवे पाहून कुणी फोन करत नाही. मी मात्र वार्षिक देखभालीत प्रत्येक ब्रेकअवेची ओढ-चाचणी करतो. लाइन बंद, दाब शून्य, नळीच्या टोकाला हुकाचा काटा, आणि गाडी ज्या दिशेने निघते त्याच दिशेने सावकाश ओढायचं. सुटला त्या क्षणाचा आकडा वहीत. दाब-संतुलित प्रकारात तो उत्पादकाने दिलेल्या हद्दीत यायला हवा. संतुलित नसेल तर रिकाम्या नळीला आकडा जास्त येणार हे वर सांगितलंच आहे, आणि अशा प्रकाराचा आकडा ६८ किलोंच्या वर गेलेला दिसला की मी मालकांना तो लेखी देतो आणि संतुलित ब्रेकअवेचा प्रस्ताव सोबत जोडतो. दाबाखालची चाचणी स्टेशनवर करू नका, ती उत्पादकाच्या बाकावर होते.

वहीत प्रत्येक वेळी एवढं लिहा: तारीख आणि वेळ, कुठली नळी, गाडी हलली की नाही, हलली तर कुठल्या दिशेने, गेजवरचा दाब, जोडताना बदललेले भाग, आणि जोडणाऱ्याचं नाव. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा ही वही जवळ ठेवा. मी पहिला प्रश्न वेळेचाच विचारेन.